चिमटावहिनींच्या ओट्यावरची शाई

चिमटावहिनींना कशाकशाची किळस येते हे कुणी विचारू नये. दूध उतू जाईल, पण यादी संपणार नाही. जिन्याच्या कठड्यावरून कुणी बोट फिरवत वर गेलं, शी. दाराच्या कडीला ओला हात लागला, शी. पाहुणा पाणी पिऊन उठला, की तो शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत त्याचा पेला चिमट्यात धरून नळाखाली. शेजारणीने वाटीभर साखर परत आणून दिली तर साखर हसून घ्यायची आणि वाटी चिमट्याने. त्या चिमट्यामुळेच हे नाव पडलं आणि असं चिकटलं, की खरं नाव आता त्यांच्या नवऱ्यालाही आठवत नसेल. तो बिचारा 'अगं'वर भागवतो.

आणि अशा बाईच्या पदरी नवरा पडावा तो शाईवाला. नशीब थट्टा करतं म्हणतात, पण थट्टेलाही काही माप?

गल्ली त्याला शाईशेठ म्हणते. शेठपणा काय तो नावात. बाकी अंगावर आलटून पालटून दोन शर्ट, आणि ते मूळचे कोणत्या रंगाचे होते यावर दुमत. धंदा साधा. लोकांच्या प्रिंटरमधली शाईची कार्ट्रिजं संपतात. काडेपेटीच्या थोरल्या भावाएवढं ते प्लास्टिकचं खोकं. आत स्पंज, स्पंजात शाई, आणि बुडाशी केसाहून बारीक भोकांची एक पट्टी, तिच्यातून शाई कागदावर उतरते. शाई संपली की लोक खोकं फेकतात आणि नवं आणतात. शाईशेठ ते फेकू देत नाही. वरचं लेबल सोलतो, इंजेक्शनच्या सुईने आतल्या स्पंजाला सावकाश शाई पाजतो, बुडाची पट्टी कोमट पाण्यात शेकतो, टिपकागदावर टेकवून रंग बघतो आणि खोकं पुन्हा कामाला लावतो. पूर्वी हे सगळं तो एका दुकानात बसून करायचा. दुकान बंद पडलं, तेव्हा बाटल्या, सुया आणि टिपकागद टोपलीत घालून घरी आला आणि म्हणाला, "चार दिवस ओट्याचा एक कोपरा दे."

ते चार दिवस अजून संपायचे आहेत.

शाईचं वागणं आगंतुक पाहुण्यासारखं. बूड टेकायला जागा दिली की पाय पसरणार. आधी ओट्याचा कोपरा, मग सिंक, मग सिंकखालचं कपाट. सिंकच्या तळाला काळसर जांभळी साय धरायची, बोट लावलं तर बुळबुळीत. टॉवेलावर, दिव्याच्या बटणावर, फ्रीजच्या मुठीवर डाग. मळून ठेवलेल्या कणकेवर एकदा निळा अंगठा उमटला होता, सही केल्यासारखा. आणि खाटेखाली पोतं. ज्या खोक्यांची पट्टी जळाली, जी आता उठायची नाहीत, ती त्या पोत्यात. आत ओला स्पंज आहे म्हणून भंगारवाला घेईना, आणि कचऱ्यात टाकायला शाईशेठचा जीव होईना. पोत्याच्या बुडातून काहीतरी पाझरायचं. रोज सकाळी फरशीवर नवा डाग, जणू पोतं अंथरूण ओलं करत होतं.

कहर झाला तो सासूबाईंच्या कवळीचा. झोपताना कवळी वाटीत, पाण्यात घालून ठेवायची त्यांची सवय. शाईशेठने एकदा त्याच वाटीत गुलाबी शाईचं खोकं शेकलं आणि वाटी विसळून ठेवली, म्हणजे त्याच्या मते विसळली. सकाळी सासूबाई आरशात बघून हसल्या, तर दात गुलाबी.

"सूनबाई, इकडे बघ," त्या म्हणाल्या. "या वयात शोभेल का हा रंग?"

म्हातारी खूश होती. वहिनींनी मात्र दिवसभर ताटाकडे बघितलं नाही.

"अहो, हे स्वयंपाकघर आहे की गटार?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"गटार कशाला म्हणतात ते ऐक," शाईशेठ म्हणाला. त्याचं हे ठरलेलं भाषण. "मशीन म्हणतं शाई संपली. माणूस मुकाट्याने मशीनचं ऐकतो आणि धडधाकट खोकं कचऱ्यात घालतो. खोक्यात शाई असते अजून. ते सडत नाही, गंजत नाही. आपण सगळे वर गेलो तरी ते तिथंच पडलेलं. किळस यायचीच तर त्याची यावी."

"मला दोन्हींची येते."

"मग तुझं नाक माझ्यापेक्षा मोठं," असं म्हणून त्याने शाईचं बोट नाकाला पुसलं आणि नाक निळं केलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग एक दिवस शाळेचे हेडक्लार्क घरी आले. हेडक्लार्क म्हणजे इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेनांची रांग, आणि कागद मोजताना बोट जिभेवर. एक कागद, एक चाट. बोलता बोलता त्यांनी ओट्यावरचे टिपकागदसुद्धा तसेच उलटून पाहिले. वहिनींनी त्यांना चहा दिला तो भिंतीकडे बघत.

"परीक्षा तोंडावर आलीय," हेडक्लार्क म्हणाले. "शाळेतली सगळी खोकी कोरडी पडलीत. ही आणलीत, नीट भरून द्या. काम जमलं तर आमच्या जिन्याखाली एक खोली रिकामी आहे, ती तुम्हाला देऊ. तिथंच बसा, तिथंच भरा, शाळेचं काम कायमचं तुमच्याकडे. अट एकच. थेंब गळता कामा नये. आधीच्या गृहस्थाने माझा ड्रॉवर बुडवला होता."

वहिनींची मान भिंतीकडून वळली. "खोलीत बेसिन आहे?"

"आहे की."

झालं. त्या घटकेपासून वहिनी ओट्याकडे मुलीच्या सासरकडे बघावं तसं आशेने बघू लागल्या. बाटल्या जाणार, सुया जाणार, पोतं जाणार. त्या कोपऱ्यात मग काय ठेवायचं? काही नाही. नुसता कोरडा, पांढरा, रिकामा ओटा. त्यांना एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी शाळेची खोकी न गळता जायला हवी होती.

पण दुसऱ्याच दिवशी एका हट्टी खोक्याचं झाकण सुरीने उचकटताना शाईशेठची सुरी निसटली आणि उजवा तळवा फाटला. डॉक्टरांनी टाके घालून हाताचं गाठोडं करून दिलं.

"आता तू भर," तो म्हणाला.

"मी?"

"अगं, सुई धरायची आणि दट्ट्या दाबायचा. दोरा ओवतेस ना सुईत?"

"दोरा ओला नसतो."

"खोली हवीय ना?"

वहिनींनी भांडी घासायचे हातमोजे चढवले, त्यावर आणखी एक जोडी, नाकाला रुमाल बांधला आणि हातात चिमटा घेतला. बॉम्ब निकामी करायला निघाल्यासारखं ध्यान दिसत होतं. शाईशेठ हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात निघाला. "लेबल सोल, सुई घाल, हळू दाब," दारातून तो म्हणाला. "बाकी काही करू नको."

बाकी काही करू नको, असं ज्या बायकांना सांगून भागतं त्या वेगळ्या.

ओट्यावर ते उचकटलेलं खोकं तसंच पडलं होतं. वहिनींनी आत डोकावलं. इतके दिवस त्यांनी शाई बाहेरून पाहिली होती. खोक्याचं पोट कधी पाहिलं नव्हतं. आत स्पंज होता. काळा, फुगलेला, कडेला पांढुरकी बुरशी धरलेला. चिमट्याने दाबल्यावर त्याने उसासा टाकावा तसा एक बुडबुडा सोडला आणि ओल्या मोज्यांचा वास आला. म्हणजे प्रत्येक खोक्याच्या पोटात हेच? आणि त्यालाच आपण सुईने पाजायचं? आजाऱ्याची गादी न बदलता वर नवी चादर घालायची?

त्यांनी सुरी घेतली आणि सगळ्या खोक्यांची झाकणं काढली. चिमट्याने एकेक स्पंज ओढून पिशवीत टाकला आणि पिशवीला गाठीवर गाठी मारल्या. खोकी कढत पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, आतून बाहेरून घासली. मग कपाटातून भांडी घासायच्या पिवळ्या स्पंजांचा कोरा पुडा काढला, हिरवी खरखरीत बाजू सोलून टाकली, मापात तुकडे कापले, एकेक आत बसवला, वर शाई भरली, झाकणं डकवली, लेबलं चिकटवली. हात लागलाच आहे तर अर्धवट कशाला सोडायचं, म्हणून खाटेखालचं पोतंही बाहेर ओढलं.

"सासूबाई, पाय वर घ्या."

"त्याला विचारलंस का?" खाटेवर पाय घेत सासूबाई म्हणाल्या.

"घाण ठेवायला विचारावं लागतं, टाकायला नाही."

पोतं आणि ती पिशवी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या कचरापेटीत गेली. फरशी पुसली, पुन्हा पुसली. शाईशेठ परत आला तेव्हा ओट्यावर खोकी नव्या दातांसारखी चमकत होती. त्याने एक खोकं घरच्या प्रिंटरला लावून पाहिलं. काजळासारख्या काळ्या रेघा उमटल्या.

"अगं, तुझ्या हाताला गुण आहे," तो म्हणाला. वहिनी गालात हसल्या. स्पंजाचं काही बोलल्या नाहीत. केर काढला हे काय कुणी दवंडी पिटून सांगतं? खोकी त्याच दुपारी शाळेत पोचली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात हेडक्लार्क. पांढऱ्या शर्टाचा पुढचा भाग आता पांढरा म्हणण्याजोगा राहिला नव्हता, पण वहिनींची नजर तिथे गेलीच नाही. ती गेली ओठांवर. ओठ जांभळे. ओठांच्या कडेला गुलाबी. आणि तोंड उघडलं तर आत जीभ, निळीशार, एखादं आजारी जनावर गुहेतून बाहेर यावं तशी.

"गळलं," हेडक्लार्क म्हणाले. "सगळंच्या सगळं. मशीनच्या पोटातून टेबलावर, टेबलावरून ड्रॉवरमध्ये. कागद ओले. मी दिवसभर तेच कागद मोजतोय."

"दिसतंय," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"कुणी एका शब्दाने सांगितलं नाही मला. मुख्याध्यापिका बोलताना सारख्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, बाहेर पक्षी असेल. पालक येऊन भेटून गेले. शेवटी हात धुवायला गेलो तेव्हा आरशात दिसलं."

त्यांनी रागाने ओठावरून जीभ फिरवली. वहिनींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

हेडक्लार्कांनी परत आणलेल्या खोक्यांपैकी एक शाईशेठने घेतलं आणि डाव्या हाताने झाकण उचकटलं. आत पिवळा स्पंज लोळागोळा होऊन पडला होता. कडेने साबणाचा फेस.

"हा तर भांड्यांचा," सासूबाई म्हणाल्या.

शाईशेठने झाकण परत लावलं. हेडक्लार्ककडे बघून म्हणाला, "चूक माझी आहे. हाताला लागलं होतं, घाईघाईत झालं."

वहिनींना वाटलं, आता मात्र ओकारी होणार. सिंकमधली साय बघितली होती, निळी जीभ बघितली, पण आपल्या घाणीवर नवऱ्याने असं पांघरूण घालणं बघवेना.

"स्पंज मी बदलले," त्या म्हणाल्या. "आतले कुजले होते."

"कुजले तर धुवायचे असतात, अगं," शाईशेठ हळू आवाजात म्हणाला. "तो स्पंज शाई धरून ठेवतो आणि मशीन मागेल तेवढीच सोडतो. भांड्यांचा स्पंज म्हणजे उधळा जावई. हातात दिलं की गेलं."

"ते तुमचं तुम्ही बघा," हेडक्लार्क म्हणाले. "उद्या शाळा भरायच्या आत खोकी ठीक होऊन आली पाहिजेत. नाहीतर खोली विसरा." ते जांभळं तोंड रुमालात झाकून निघून गेले.

"होईल," शाईशेठ म्हणाला. "खाटेखालच्या मेलेल्या खोक्यांत चांगले स्पंज आहेत. तेच काढून धुऊ." तो खाटेखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. खाली फरशी चकाकत होती.

"पोतं?"

"कोपऱ्यावर. पेटीत."

तो चप्पल घालायला लागला. वहिनींनी त्याच्या हाताच्या गाठोड्याकडे पाहिलं. टाके ताजे होते. त्या हाताने कचरापेटीत शिरणं म्हणजे दवाखान्याची दुसरी फेरी.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि हातमोजे चढवून, चिमटा घेऊन निघाल्या.

चिमटावहिनी कचरापेटीकडे निघाल्यात ही बातमी त्यांच्याआधी पोचली असावी, कारण कोपऱ्यावरच्या सगळ्या खिडक्यांत अचानक कुणाकुणाला हवा खायची होती. पेटी त्यांच्या छातीएवढी उंच. वर चहाचा चोथा, नासलेली सालं, बाळाचे दुमडून टाकलेले लंगोट, कंगव्यातून काढलेले केसांचे पुंजके. पोत्याचं एक टोक मात्र खालून दिसत होतं. वहिनींनी श्वास रोखून चिमटा खाली घातला, टोक धरलं, ओढलं. पोतं हललं नाही. पुन्हा ओढलं, तर चिमटा बुळबुळीत कशावरून तरी सटकला आणि आत, खोल, चोथ्याखाली गडप झाला.

"वहिनी, काही हरवलं का?" वरून एका खिडकीने विचारलं.

"हो. अक्कल," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे जास्तीची असेल तर टाका खाली."

खिडकी मिटली. वहिनींनी दोन्ही हात आत घातले. मोज्यात काहीतरी गार आणि पातळ शिरलं, बोटांपर्यंत आलं. ओल्या पोत्यावर मोज्याची पकड बसेना. त्यांनी मोजे काढून फेकले आणि उघड्या हातांनी पोतं धरलं. ते निघालं, पण निघताना त्याने सोबत अर्धी पेटी वहिनींच्या अंगावर आणली. शेजारीच ती गाठीवर गाठी मारलेली पिशवी सापडली, तीही घेतली. मग भिंतीला टेकून वहिनी ओकल्या. उलट्या हाताने तोंड पुसलं. पुसून झाल्यावर लक्षात आलं, कोणता हात.

त्यानंतर घाबरायला काही उरलंच नाही. पोतं फरफटत घरी आणताना त्यांनी कठड्यालाही धरलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाक सासूबाईंनी केला, म्हणजे भात केला आणि तो लागला. वहिनी सिंकपाशी उभ्या होत्या. शाईशेठ स्टुलावर बसून सांगत होता, त्या करत होत्या. मेलेल्या खोक्यांचे स्पंज काढायचे, नळाखाली धरायचे, पिळायचे. काळं पाणी, मग निळं, मग ढगाच्या रंगाचं. बुरशीचे तुकडे बोटांना चिकटायचे, ते त्या नखाने काढायच्या आणि प्रत्येक तुकड्याला एक 'शी' द्यायच्या, हिशेबाने, कुणाला कमी नाही. पण पिळणं थांबलं नाही. शेवटी एका स्पंजातून नुसतं पाणी आलं. वहिनींनी तो दिव्याखाली धरला.

"हा पांढरा होता?"

"सगळे पांढरेच असतात," शाईशेठ म्हणाला. "मीही इतके धुतलेले आजवर पाहिले नव्हते."

झोपायच्या वेळेपर्यंत पांढरे स्पंज खोक्यांत बसले होते, शाई पिऊन गप्प झाले होते आणि ओळीने टिपकागदावर बसले होते. कागदावर थेंब नव्हता.

सकाळी दोघं खोकी घेऊन शाळेत गेली. मशीनने पानं काढली, वहिनींनी मशीनच्या पोटाखाली हात फिरवून पाहिला, कोरडा. हेडक्लार्कांचे ओठ अजून फिकट जांभळे होते. त्यांनी जांभळं हसून किल्ली पुढे केली. "शब्द म्हणजे शब्द. घ्या तुमची खोली."

वहिनींच्या डोळ्यांपुढे तो रिकामा पांढरा ओटा आला. किल्ली त्यांनी स्वतः फिरवली.

आत एक मेलेला पोछा बादलीत उभा होता, त्याच पाण्यात, देव जाणे कधीपासून. कोपऱ्यात थुंकीचे ओघळ वाळले होते, जुन्यावर नवे. आणि बेसिन. बेसिनला पिवळी कड, कडेवर साबणाची चिप, चिपेला केस, तळाशी उताणं झुरळ, आणि भोकातून येणारा वास असा, की स्पंजातला ओल्या मोज्यांचा वास बरा वाटावा.

"मस्त आहे," शाईशेठ म्हणाला. त्याला खरंच मस्त वाटत होती. त्याने उरलेल्या भरल्या खोक्यांचा ट्रे बेसिनच्या कडेवर टेकवला.

"उचला," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तो ट्रे उचला तिथून. आधी उचला."

"अगं, खोली हवी होती ना तुला? साफ करून घेऊ. चार दिवस..."

"तुमचे चार दिवस मला माहीत आहेत. पिळून पिळून पांढरं केलेलं मी या असल्या बेसिनवर ठेवू? माझी खोकी इथं राहणार नाहीत."

शाईशेठने ट्रे उचलला. 'माझी' हा शब्द त्याने ऐकला, पण तो मूर्ख नव्हता. ट्रे घेऊन तो दाराकडे वळला.

वहिनींनी किल्ली हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवली आणि पिशवीतून एक छोटी बशी काढली. बशीत पिवळ्या स्पंजाचा चौकोनी तुकडा, पाण्याने भिजवलेला.

"काम आम्ही घरी करू. आणि तुम्ही यात बोट बुडवा," त्या म्हणाल्या. "जिभेला सुट्टी द्या."

हेडक्लार्कांनी संशयाने बशीकडे पाहिलं. "हा गळणार नाही ना?"

"याचं कामच ते आहे."

तेव्हापासून शाई ओट्यावरच आहे. फरक इतकाच, की शाईशेठला आता हात धुऊन दाखवल्याशिवाय तिच्याजवळ जाता येत नाही. पोतं झाकणाच्या डब्यात गेलं, कवळीची वाटी वरच्या फळीवर गेली, आणि चिमटा कचरापेटीतून परत आला नाही तो आलाच नाही.

परवा वहिनी सुईत शाई ओढत होत्या. सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"सूनबाई, तुझ्या नखाखाली निळं आहे."

वहिनींनी नख उजेडात धरलं, नाक मुरडलं.

"शी," त्या म्हणाल्या, आणि पुढचं खोकं ओढलं.